गुरूच्या गालावरची तीट

माझ्या दुर्बिणीचा स्टँड वडिलांनी ओतला. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत उभा जन्म गेलेला माणूस. हलकंफुलकं काही करणं रक्तातच नाही. त्या स्टँडवर म्हैस उभी केली तरी डगमगली नसती. पण त्यांच्या गुडघ्यांनी जिना कधीच सोडलेला, गच्चीवर काही येता येईना. "एवढं लोखंड वतलं, दिसतंय तरी काय त्यातनं? दाव की!" असा रोजचा लकडा. म्हणून गुरूचा फोटो काढून त्यांना दाखवायचाच, असं मी ठरवलं.

नेमका चटणीचा हंगाम. गच्चीभर बायकोच्या मिरच्या वाळत पडलेल्या, आणि खाली अख्खी गल्ली मिरच्या भाजतेय.

"पाय देऊ नगासा मिरच्यांवर," बायकोनं बजावलं.

एका पायावर तोल सांभाळत मी दुर्बिणीला कॅमेरा जोडला. गुरू दिसला की मला शिंक यायची. स्टँड ढिम्म, मीच हलायचो. शेवटी नाक चिमटीत धरून एकदाचं बटण दाबलं.

फोटो टीव्हीवर लावला. दोन पट्टे स्पष्ट, आणि गोळ्यावर एक काळा ठिपका!

"गुरूच्या चंद्राची सावली!" मी नाचलोच.

वडील टीव्हीला नाक लावून बघत राहिले. "सावली कसली रं? दृष्ट लागू नये म्हणून तीट लावलीया त्याला. बेस केलंय."

सकाळी तालमीच्या कट्ट्यावर त्यांनी ही बातमी सगळ्यांना सांगितली.

दुसऱ्या संध्याकाळी कॅमेऱ्यातून बघतो तर चौकटीत गुरू सरकला, ठिपका जागचा हलेना. शंका आली म्हणून शेजारच्या पाण्याच्या टाकीचा फोटो काढला. टाकीलाही तीट! कॅमेऱ्याच्या काचेवर जळक्या मिरचीचा कण बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काच पुसली, नवा फोटो घेऊन टीव्हीवर लावला आणि वडिलांना खरं काय ते सांगून टाकलं.

ते टीव्हीकडं बघत म्हणाले, "आणि म्हणून तसाच उघडा भाईर काढलास व्हय त्याला?"

त्यांनी बायकोची काजळाची डबी मागून घेतली. भट्टीपुढं राठ झालेलं बोट अलगद टेकवून गुरूच्या गालावर ठिपका लावला. मला रडूच फुटलं, आणि या खेपेला मिरचीचा काही संबंध नव्हता.

आता आमच्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईंच्याही गालावर तीट असते. ती पुसायची घरात कुणाची छाती नाही.