गोंदण फुकट घेत नसतात

फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजची बाही उसवत होते. समोरच्या किराणा दुकानाचे शिवलिंगअप्पा बोलत होते. इतक्या वर्षांचा शेजार, पण अप्पांनी मला कधी फोन केला नव्हता. काही हवं असलं की गल्लापाशी बसूनच हाक मारायचे. म्हणाले, "अक्का, किल्ली तुमच्याकडं हाय न्हवं? घर उघडून ठेवा. पुढच्या खोलीतलं सामान जरा बाजूला करा... पोरीला आणून राहिलो." एवढंच. बरी होऊन येणाऱ्या पोरीसाठी कुणी सामान बाजूला करायला सांगत नाही. मी कात्री खाली ठेवली आणि आधी डासांना, मग पाण्याला, मग देवाला शिव्या घातल्या. माझं तोंड असंच आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. अप्पांची महानंदा, आमची नंदी, बाविसाव्या वर्षी डेंगूनं गेली. महिना उलटून गेला, तरी ती बाही तशीच अर्धी उसवलेली पडली आहे.

अप्पा मूळचे उदगीरचे. लातुरात दुकान टाकून जमाना झाला, पण जीव उदगिरात. उदगीर जिल्हा होणार, यंदा नाही तर पुढच्या वर्षी नक्की होणार, हे मी या गल्लीत आले तेव्हापासून ऐकते आहे. "नवा जिल्हा झाला की कलेक्टर ऑफिस येतंय अक्का, भरती निघतीय, आपली नंदी तिथं क्लार्क." नंदीची आई ती शाळेत असतानाच वारली होती. स्वैपाक, पाणी, दुकानातली पुडी बांधणं, सगळं करून पोरीनं पदवी घेतली. अप्पांनी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणून दिली आणि नंदीनं त्यांच्या समासात वाघ काढले. तिला टॅटू शिकायचं होतं. मला म्हणायची, "अक्का, जिल्हाच न्हाई अजून, आन अप्पा माझी खुर्ची पुसून राहिलेत." मी हसायचे. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं, हे खूळ आहे, लग्न झालं की जाईल.

अस्तराचं कापड आणायला मी नांदेडला जाते. गेल्या हिवाळ्यात नंदी माझ्यासोबत आली. तिथं सलीमभाई म्हणून एक टॅटूवाले आहेत, हात मोठा साफ म्हणतात. त्यांच्याकडं शिकायला जागा होती. नंदीनं फाइल पुढं केली. वाघ, त्रिशूळ, पंख, इंग्रजी अक्षरातली नावं. सलीमभाईंनी चार पानं उलटली आणि फाइल मिटली. माणूस अदबीचा, आवाज चढवला नाही. म्हणाले, "बेटा, हे सगळं फोनमधून उतरवलेलं हाय. असली फाइल रोज येतीय माझ्याकडं. तू काय पाहिलंस ते काढून आण, मग बोलू." येताना ती फाइल मांडीवर उलटी ठेवून बसली. नखं कुरतडत होती. मी शेंगा सोलून हातावर ठेवल्या, त्याही तशाच राहिल्या.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, हे सगळ्या देशानं पेपरात वाचलं. आम्ही ते घागरी घेऊन भोगलं. टँकर यायच्या आधीपासून गल्लीत घागरींची रांग लागायची. नंदीच्या मागं एकदा खालच्या गल्लीतली गयाबाई उभी होती. धुणंभांडी करणारी, पार वाकलेली बाई. तिनं पदर सावरायला हात वर केला आणि मनगटापासून कोपरापर्यंतचं गोंदण दिसलं... तुळस, विंचू, ठिपक्यांच्या रांगा, हिरवट पडलेलं सगळं. नंदीनं धावत येऊन माझ्याकडचा बटरपेपर मागितला, ज्याच्यावर मी ब्लाउजचे नमुने उतरवते तो. गयाबाईच्या हातावर ठेवून ती रेघ मारणार, तोच बाईनं हात ओढून घेतला. "थांब बाय. गोंदण फुकाट घेत नसत्यात. माझ्या मायनं गोंदणारणीला पायलीभर जवारी घातली व्हती. तू काय देतीस?" नंदीजवळ काय असणार? रांगेतली जागा होती. तिनं आपली घागर उचलून मागं नेली आणि गयाबाईची पुढं सरकवली.

त्या दिवसापासून हाच तिचा धंदा झाला. रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ते कळलं. हात द्यायचा आणि पुढं जायचं. कुणाच्या कपाळावरची चंद्रकोर, कुणाच्या पोटरीवरचा मोर. एकीच्या दंडावर नवऱ्याचं नाव होतं. जन्मात तिनं ते तोंडानं उच्चारलं नव्हतं, नंदीला बोट ठेवून दाखवलं. दुपारी नंदी माझ्या मशीनशेजारी बसून ते कागद पक्के करायची, रेक्झिनच्या तुकड्यांवर सुईनं टोचून बघायची. मी एकदा म्हटलं, "अगं ही रेघ वाकडी गेलीय, सरळ कर की." तर माझ्यावरच डाफरली. "वाकडी न्हाई अक्का, कातडी लोंबलीय. सरळ केली की ती गयाबाईची राहत न्हाई." मला राग आला होता. पण नंतर पाहिलं, कागदावर नुसती तुळस नव्हती, त्या बाईचं सगळं वय होतं. यावेळी सलीमभाई फाइल मिटणार नाहीत, असं मलाही वाटायला लागलं.

घरात मात्र घागर रिकामी यायला लागली. एका सकाळी अप्पांचा आवाज रस्त्यापर्यंत आला. "घरात प्यायला थेंब न्हाई आन तू म्हाताऱ्यांचे हात काढून राहिलीस? सुया घेऊन दारोदार फिरणारणीचं काम हे, आपल्या घराण्याचं हाय का?" नंदीही काही कमी नव्हती. "फुकट घ्यायचं नसतंय अप्पा. जागा न देऊ तर काय देऊ? दुकानातली ज्वारी देता का?" अप्पा म्हणाले, "असल्या कामाला माझ्या दुकानातला एक दाणा जाणार न्हाई." दुसऱ्या दिवशी नंदी रांगेत होती, आणि तिची घागर सगळ्यांच्या मागं होती.

नंदीनं फोन केल्यावर सलीमभाईंनी सोमवारी ये म्हणून सांगितलं होतं. फाइल तयार होती, माझ्याच दुकानात लपवलेली. शनिवारी नंदीला ताप भरला. सोमवारी ती दवाखान्यात होती आणि मला म्हणत होती, "अक्का, फोन करून सांगा, गुरुवारी येते." गुरुवार तिला दिसला नाही.

नंदीला घरी आणलं त्या दिवशी अप्पा ओट्यावर बसून एकच बोलत होते. "त्या चित्रांनी खाल्ली पोर. ताजं पाणी आलंच न्हाई घरात, जुनं पाणी ड्रमात राहिलं, त्यात झाले मच्छर." माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अप्पा, अख्ख्या लातुरात ड्रम भरलेले हायेत. माझ्या घरात न्हाईत का डास? पोरीच्या माथी मारू नका." म्हटलं खरं. पण ड्रम मीही पाहिला होता, तळाला हिरवा झालेला. आजही रात्री तो आठवला की मी उठून माझ्या ड्रमाचं झाकण बघते.

त्यांच्यात, लिंगायतांत, माणसाला बसवून पुरतात. नंदीला आंघोळ घालून, विभूती लावून भिंतीशी बसवली होती. तेवढ्यात गयाबाई आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. मला विचारलं, "पोरीच्या अंगावर गोंदण हाय का काही?" मी नाही म्हणून मान हलवली. इतक्या जणींचे हात काढले, स्वतःचा कोराच. शिकल्यावर पहिलं स्वतःला करीन म्हणायची. "असं कोरं कसं धाडता तिला? सगळं हितंच राहतंय, गोंदण तेवढंच संगं जातंय." मी अप्पांकडं पाहिलं. त्यांनी अडवलं नाही. मी नंदीच्याच डबीतलं काजळ आणून दिलं. कुणीतरी सुई म्हणालं, तर गयाबाई कडाडली, "सुई नगं! लई टोचलंय तिला दवाखान्यात." आणि आत येऊन बोटानं तिनं नंदीच्या मनगटावर पाच ठिपके दिले.

अप्पा उठले. मला वाटलं, आता हिला हाकलतात. ते बाहेर गेले, दुकानाचं शटर वर झाल्याचा आवाज आला. परत आले ते पायलीचं माप काठोकाठ भरून. गयाबाईपुढं उभे राहिले, म्हणाले, "पदर धरा." ज्वारी तिच्या पदरात ओतली, आणि मग हा माणूस, जो बायको गेली तेव्हाही रडला नव्हता, भिंतीला धरून खाली बसला. विधीला आलेले जंगम घाई करत होते. मी धावत जाऊन बटरपेपरचा तुकडा आणला, ओल्या काजळावर हलकेच दाबला आणि उचलला.

सलीमभाईंना मी फोन केला होता. म्हणाले, फाइल घेऊन या, बघू तर द्या. अप्पा नको म्हणाले. "ती न्हाई, तर आता कुणाची पसंती घ्यायची?" सलीमभाईंनी नंदीला घेतलं असतं का, ते आता कळायचं नाही. याची चुटपुट मला मरेपर्यंत राहील.

फाइल आता किराणा दुकानात तराजूशेजारी असते. टँकर रिकामा झाला की एखादी म्हातारी दुकानाशी येते, म्हणते, अप्पा, माझा हात दाखव. अप्पा हात पुसून पानं उलटतात. शेवटच्या पानावर पाच काळे ठिपके आहेत, एक जरा ओढला गेलाय, माझा हात हलला होता. परवा एकीनं विचारलं, हा कुणाचा?

"आमच्या नंदीचा," अप्पा म्हणाले. "ज्वारी देऊन घेतलाय."