त्याचे शब्द, त्याचेच ओठ

आमच्या घराच्या भिंतीला रंग नव्हता, पत्रकं होती. वडील परभणीच्या सभांमधून ती आणायचे आणि खळीने चिकटवायचे. मी अक्षरं त्यांवरच शिकलो. नवं पत्रक हातात आलं की वडील आधी तळाची ओळ बघायचे. छापणाऱ्याचं नाव नसेल तर पत्रक परत करायचे. "नाव लावायची हिंमत न्हाई तर छापता कशाला?" असं तोंडावर विचारायचे.

आमचं गाव झरीच्या पलीकडे. अर्धी वस्ती ज्याच्या रानात राबायची त्याला सगळे मालक म्हणायचे, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला असताना मालकाने पारावर सभा घेतली. आमच्यातल्या कुणालाही तिकडे फिरकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने आईचं दळण न दळताच परत केलं. मग दुकान बंद, रानातलं काम बंद. आईने अडगळीतलं जातं काढलं. तिच्या तळहाताला फोड यायचे, फुटायचे, आणि त्याच हातांनी ती भाकरी थापायची. चौकशीला फौजदार आला तेव्हा मालक म्हणाला, "मी तर शांततेचं बोललो. येगळं काही कुणी ऐकलं असंल तर पुढं यावं." ऐकणारे सगळे त्याचेच होते. आम्ही काहीच ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून मला ते भाषण हवं होतं.

काही वर्षांनी मी परभणीत लग्नाच्या शूटिंगच्या एका दुकानात लागलो. माझं काम आवाज बसवण्याचं. दोन व्हीसीआर, एक टीव्ही, एक टेपरेकॉर्डर, एक माईक, एवढाच पसारा. व्हीसीआरला एक बटण होतं. ते दाबलं की चित्र तसंच राहायचं, जुना आवाज कायमचा पुसला जायचा आणि टेपवरचा नवा आवाज त्या जागी बसायचा. टेप फिरायला जरा वेळ घेते, म्हणून तिचं बटण एक श्वास आधी दाबावं लागे. भाषण असेल तर काम सोपं. माईकला दोन टिचक्या मारून 'हॅलो' म्हटल्याशिवाय आमच्याकडे कुणी बोलायला सुरुवात करत नाही. चित्रात बोट माईकला लागलं आणि कानात टक वाजलं, हे दोन्ही एका क्षणी आलं की पुढचं सगळं जुळतं.

निवडणुकीच्या आधी मालक दुकानात आला. सोबत त्याचा एक माणूस, आणि त्या माणसाच्या काखेत व्हिडिओ कॅसेट.

"कोणत्या गावचा रे तू?"

"तुमच्याच."

"कोणाचा?"

मी वडिलांचं नाव सांगितलं. तो हसला. "मंग तर बरंच हाय. घरचाच माणूस."

कॅसेट लावली. पार दिसला, त्याच सभेची गर्दी दिसली, मालकाचं बोट माईककडे गेलं. मी आवाज वाढवायला हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं. "आवाज नको. आवाजच बदलायचाय. इतकी गर्दी आता जमत न्हाई, म्हणून चित्र हेच ठेव. बोलणं मी नवं देतो. नामांतर झालंच पाह्यजे, वस्तीवाले आमचे भाऊ, असं. गाडीवर टीव्ही लावून गावोगाव दाखवायचंय. तुमच्या वस्तीत पहिल्यांदा."

"कॉपीवर करू?"

"कॉपी कशाला? हिच्यावरच कर. जुनं जाऊ दे."

म्हणजे जे मला हवं होतं ते पुसायलाच मला बसवलं होतं.

मी माईक त्याच्यासमोर ठेवला, टेप सुरू केली आणि सांगितलं, "मालक, टीव्हीतल्या तुमच्या तोंडाकडे बघत बोला. ओठ हलतील तसं बोला." त्याने सवयीने माईकला दोन टिचक्या मारल्या. हॅलो. माझ्या बंधूंनो. सुरुवात छान झाली. मग पडद्यावरच्या मालकाने मूठ वर उचलली. समोर बसलेल्या मालकाची मूठही आपोआप वर गेली. मान ताठ झाली, गळ्याची शीर फुगली, आणि त्याच्या तोंडून जुनंच भाषण बाहेर पडलं. "गिरणीत ह्यायचं दळण न्हाई! दुकानात मीठ न्हाई! माझ्या रानात जो पाय ठीवील त्याचा पाय मोडा!" दुकानाचं टेबल हादरलं. पडद्यावरच्या मुठीशी एका घावाचाही फरक नव्हता.

त्याचा माणूस खाकरला. "मालक, ते जुनं झालं की."

"च्यायला!" मालक घाम पुसत हसला. "चित्र बघून जोर आला. पूस ते. दुसऱ्यांदा घे."

मी ती टेप काढली आणि खिशात टाकली. दुसरी लावली. दुसऱ्या वेळी तो गोड बोलला, भाऊ-भाऊ करत. ओठ कुठे, शब्द कुठे.

"बसंल का रे हे?"

"बसवतो की. नीट बसवतो."

सुरुवातीचे दोन-तीन शब्द बसवून दाखवले. दोन्ही टेपांत ते सारखेच होते. तो खूश होऊन प्रचाराला गेला.

आधी मी मूळ कॅसेटची कॉपी स्वतःसाठी काढली. मग त्याच्या कॅसेटवर खिशातली टेप बसवली. टिचकीला टिचकी, मुठीला मूठ. जुन्या भाषणाबद्दल तो म्हणू शकला असता की तेव्हाचे दिवस वेगळे होते. हा आवाज मात्र याच आठवड्यातला होता. मला दया आली नाही. आजही येत नाही.

गाडी वस्तीत आली ती दिवेलागणीला. मालक खुर्चीवर पुढे बसला. हातात आमच्या घरातली कपबशी, आयुष्यात पहिल्यांदा. आई टीव्हीच्या अगदी जवळ. टक, टक. हॅलो. माझ्या बंधूंनो. मग गिरणी आली, मीठ आलं, मोडलेले पाय आले, आणि प्रत्येक शब्द त्याच्या ओठांवर टाका घातल्यासारखा बसलेला. मालकाने कपबशी खाली आदळली.

"बंद कर ते! आवाज माझा न्हाई!"

"तोंड बी तुमचं न्हाई काय, मालक?" मागून कुणीतरी बोललं.

त्याचा माणूस बटणाकडे धावला. आई त्याच्या आडवी उभी राहिली. "हात लावू नको. त्या दिवशी आमाला पाराजवळ येऊ दिलं न्हवतं. आज ऐकू दे."

कुणी जागचं हललं नाही. मालकालाही उठता आलं नाही, कारण भोवती सगळी वस्ती बसली होती. भाषण संपलं. गर्दीचं चित्र चालूच होतं, आणि तिच्यावर माझा आवाज आला: माझं नाव, वडिलांचं नाव, वस्तीचं नाव, आणि मालकाने याच आठवड्यात दिलेला आवाज मी बसवला हे. दुकानातली नोकरी त्यात गेली. जाणारच होती.

आईमागे बसलेल्या वडिलांनी मान डोलावली. तळाची ओळ त्यांना मिळाली होती.