लव्हाळ्याची पावती

आईनं आठ दिवस जेवणाकडे पाहिलं नव्हतं. ताप उतरला, पण ताट समोर आलं की मान भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल. शेवटी मंगळवारी ती आपणहून बोलली, "मले माहेरची मरळ पायजे. गाठीची."

माहेर म्हणजे पैनगंगेच्या पलीकडचं भोयांचं गाव. आणि 'गाठीची' म्हणजे काय, ते मला लहानपणापासून पाठ आहे. आई फ्रॉकात होती तेव्हा नदीच्या पलीकडे हैदराबाद संस्थान, आमच्या बोलीत 'मोगलाई', आणि अलीकडे वऱ्हाड. मोगलाईतून माल बाहेर न्यायचा तर नाक्यावर जकात; तिला करोडगिरी म्हणत. कापसाला होती तशी मासळीलाही होती. आईच्या वडिलांकडे, म्हणजे आजोबांकडे, रोख कुठली? मग नाकेदार टोपलीतला एक मासा ठेवून घ्यायचा. कागदाची पावती ओल्या टोपलीत टिकत नसे, म्हणून उरलेल्यातल्या एका माशाच्या कल्ल्यातून लव्हाळ्याची काडी ओवून गाठ मारायचा. "डावरा होता तो," आई सांगते. "त्याची गाठ उलटी बसे. तशी कोनालेच जमे नाई." गाठ नसलेली मासळी म्हणजे चोरीची, आणि चोरीची मासळी आजोबांच्या चुलीवर चढत नसे.

बुधवारी सकाळी शेजारच्या वहिनींना आईपाशी बसवलं आणि स्कुटी काढली. वाशिम ते अनसिंग रस्ता झकास. तिथे स्टँडवर तीस रुपयांत आलुबोंडा आणि चहा होतो. बोंडा जाळ तिखट, पाण्याची बाटली हाताशी ठेवा. पुढचा नदीकडचा फाटा मात्र कंबरेचा पार भुगा करतो. दोन्हीकडे घाट्यांनी लगडलेला हरभरा. एका बाईला वाट विचारली तर तिनं आधी डहाळा माझ्या हातात कोंबला आणि मग चौकशी सुरू केली.

"एकटीच कायले चालली व?"

"मासोळ्या आणायला."

"वाशिमले भेटत नाईत का?"

आता हिला काय सांगू कप्पाळ! मी हसून किक मारली.

किसनमामा, आईचा चुलतभाऊ, सत्तरीतही जाळं टाकतो. त्यानं टाक्यातून तीन जिवंत मरळी काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून माझ्या पिशवीत घातल्या. मरळ पाण्याबाहेर तासन् तास जगते, त्यामुळे बर्फाची भानगड नाही. बाजारात किलोला चारशेच्या खाली मिळत नाही. मामानं पैसे घेतले नाहीत, मी पाचशेची नोट जाळ्याखाली सरकवली.

"पुलाच्या अंगाले नाक्याचा दगड हाय," तो म्हणाला. "एक ठेवजो. आमी आजबी ठेवतो."

"आता तिथे कोण बसलंय मामा?"

"कोनी नाई." त्यानं जाळ्यावरची नजर काढली नाही. "म्हनून तं ठेवतो."

दगड सापडला. नाक्याच्या खोलीचं जोतं तेवढं उरलंय, त्यापुढे माणूसभर लांबीचा काळा दगड. टळटळीत दुपार, काठ कोरडा ठणठणीत, आणि दगडाच्या मधला खळगा ओला. त्यात ताजे खवले. मी कंजूष नाही हो, पण चांगली अर्ध्या किलोची मरळ कावळ्यांना घालायची? आईला काय, गाठ दिसली म्हणजे झालं. पिशवी दगडावर ठेवली, लव्हाळं तोडलं आणि एकीच्या कल्ल्यात चांगली दुहेरी गाठ मारली. तेवढ्यात मागे कुणीतरी घसा खाकरला. अगदी जवळ, टेबलामागच्या कारकुनानं खाकरावं तसा. वळले तर कोणी नाही. नदीवर एक पाखरू बोलत नव्हतं. पिशवीचं तोंड करकचून बांधलं, दोन पायांमध्ये ठेवली आणि वाशिमपर्यंत कुठेही थांबले नाही.

घरी आई उशीला टेकून बसली. "परातीत ओत," म्हणाली. ओतल्या.

दोन.

पिशवी झटकली, गोणपाट उलटं केलं. बांधलेलं तोंड मी आत्ताच सोडलं होतं. आईनं पहिलीचा कल्ला उचलला आणि नाक मुरडलं. "ही तुयी गाठ. बुटाची नाडी बांधल्यावानी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं दुसरीचा कल्ला उचलला आणि कितीतरी वेळ बोट तसंच ठेवलं. मी वाकून पाहिलं. हिरवीगार काडी, एकेरी वेढा, घट्ट. उलटा.

"तू ठेवली नाई," आई शांतपणे म्हणाली. "त्यानं घेतली."

मी भीतीनं रडायलाच लागले. आईनं मात्र दुसरीचाच रस्सा करायला लावला आणि दीड भाकर खाल्ली, बोटं चाटून. नवव्या दिवशी! माझी मरळ वहिनींच्या मांजरीला गेली.

त्याला महिना झाला. आई रोज जेवते, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे बरी आहे. दोन्ही गाठी खिडकीच्या खिळ्याला लावल्या होत्या. माझी दोन दिवसांत पिवळी पडून गळाली. दुसरी अजून हिरवी आहे, आणि सकाळी तिच्याखालची फरशी पुसावी लागते.

त्या बाजूला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, अनसिंगला पोट भरून घ्या, आणि मासळी घ्याल तेव्हा एक जास्तीची घ्या. ती तुमची नाही.