आत्याबाईंचा तांबडा दगड

मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. त्यात खडकांचे प्रकारही येतात. आणि घरातला एकुलता एक कामाचा दगड मीच बिघडवला. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

तो दगड आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. वीतभर लांब, मधे झिजून खोलगट झालेला. आमच्या वाटूरकडं जिकडंतिकडं काळा दगड. त्यावर विळा कितीही घासा, हवी तशी धार येत नाही. हा वाळूचा दगड त्यांनी कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आणला होता, माझ्या लग्नाच्याही आधी. सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे विळ्यानं कापणाऱ्या बायकांत आत्याबाई म्होरकी. रानातली पहिली पात, म्हणजे कापणीची पहिली ओळ, त्यांची. त्या पुढं, बाकीच्या मागं. साठी उलटली तरी हा मान त्यांनी कुणाला दिला नव्हता.

सोंगणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, मला त्यांच्यासाठी काहीतरी करायची हुक्की आली. मोबाईलवर एक माणूस दगडावर तेल सोडून सुरीला धार लावत होता. कशी लखलख! मीही दगडाला करडीचं तेल चांगलं पाजलं आणि दिवसभर उन्हात ठेवला.

सकाळी आत्याबाई घासायला बसल्या. विळा नुसता सुळकन सरकला. त्यांनी दगडाचा वास घेतला.

"तेल लावलं व्हय गं याला?"

"हो... धार चांगली येते म्हणे."

"बरं," एवढंच म्हणाल्या आणि बोथट विळा घेऊन निघाल्या. एरवी भाजीत मीठ जास्त पडलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई! ती गप्प गेली म्हटल्यावर माझं धाबंच दणाणलं.

वर्गात शिकवताना डोक्यात तोच दगड. मग हळूहळू उमगलं. धार लावतात ते दगडातले वाळूचे कण. घासताना जुने झडतात, खालचे ताजे वर येतात आणि पाणी तो गाळ वाहून नेतं. मी तेल पाजून त्याची बारीक भोकं बुजवली होती. शिवाय करडीचं तेल वाळलं की चिकट होतं. मोबाईलवरचा दगड कारखान्यात केलेला, घट्ट, वेगळ्याच जातीचा. हे मला कळू नये? स्वतःचा असा राग आला!

शाळा सुटल्यावर थेट रानात गेले. बायका बांधावर पाणी पीत होत्या. आत्याबाईंची पात सगळ्यांच्या मागं राहिली होती.

"तुमच्या सासूचा हात थकला की हो," एकजण म्हणाली. "त्याच म्हणून राह्यल्यात, वय झालं, उद्यापासून पहिली पात दुसरीला द्या."

मी पुढं झाले. "हात बिलकुल थकला न्हाई. दगडाला तेल मी लावलं!" म्हणून सगळं सांगून टाकलं. बायका पोट धरून हसल्या. "मास्तरीणबाई, दगडाला फोडणी दिली का काय?"

घरी येताना वाटेत आत्याबाई भडकल्या. "कशाला सांगितलं? आता गावभर करतील."

"मंग तुम्ही खोटं कशाला बोललात?"

"माझं काय जातंय? हात म्हातारा झाला म्हणतील, म्हणू दे. तुला ह्यांच्याच लेकरांपुढं रोज उभं राह्यचं असतंय."

मी रस्त्यातच रडायला लागले. "गप ए, लोक बघतेत," म्हणत त्यांनी डोळे पुसायला स्वतःचा पदर माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर दगड धुण्याच्या सोड्यात उकळला, मग खरबरीत फरशीवर वाळू टाकून घासला. मी घासत होते, त्या पाणी सोडत होत्या. वरचा तेलकट थर गेला आणि तांबडा गाळ सुटायला लागला.

सकाळी विळा दगडावर खसखस बोलला. आत्याबाईंनी अंगठ्यानं धार पाहिली, पदर खोचला आणि पहिली पात धरायला निघाल्या. फाटकापाशी थांबून ओरडल्या, "आन् कालच्या भाजीत मीठ किती टाकलं होतं गं? जीभ हाय का काय तुला?"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!