छातीतल्या खलाशाचा वाटा

सबंध डहाणूच्या किनाऱ्यावर छातीत खलाशी बाळगणारा तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, एकच, आणि तो माझा मोठा काका. हृदय अचानक बंद पडू नये म्हणून त्याच्या कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. ठोका भरकटला की ते झटका देतं. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून त्याचं माहितीपत्रक मीच वाचून दाखवलं. सगळं ऐकून काकाने विचारलं, "पोहता येतं का त्याला?" तेव्हापासून मोबाईल उजव्या खिशात, कारण डावीकडे खलाशी झोपलेला असतो.

पहिला झटका बसला तो बोटीवर, जाळं ओढताना. काका कोसळला, शुद्धीवर आला आणि मागच्या खलाशावर खेकसला, "तांडेलाला लाथ मारतोस?" बिचाऱ्याशी आठवडाभर बोलला नाही. पुढे वापीच्या डॉक्टरांनी यंत्रातली नोंद पाहून लाथ कुणाची ते सांगितलं, तेव्हा त्या खलाशाच्या घरी काका स्वतः पापलेटं घेऊन गेला. आमच्या बोटीवर मासळीचे वाटे पडतात: बोटीचा, जाळ्याचा, माणसांचा, थकून घरी बसलेल्या म्हाताऱ्या खलाशाचाही. त्या दिवसापासून यंत्राचाही पडू लागला. खातो अर्थात काकाच. काकी म्हणते, "खलाशाला बोंबील भारी आवडतात हो."

यंदा यंत्राची बॅटरी संपत आली. बदललं नाही तर पुढच्या वेळी झटका बसणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काका अडून बसला. "ज्याने मला वर काढलं, त्याला बोटीवरून उतरवू?" मी वाचलेलं सगळं सांगितलं: हे बदललं की त्यापुढची यंत्रं आणखी लहान येतील, हृदयात तार घालायला नको, बिघाड होण्याआधीच डॉक्टरांना कळेल.

"एवढासा खलाशी ओढणार काय, बाय?"

मग मला रागच आला. "काका, थकलेल्या माणसाला तू दर्यावर नेतोस का? घरी बसवतोस, वाटा पाठवतोस. याचंही तेच कर."

काकाचे जाळं विणणारे हात थांबले. दुसऱ्या दिवशी निमूट वापीला आला.

जुनं यंत्र त्याने मागून घेतलं. ते आता देवाजवळ डबीत असतं आणि त्याचा वाटा माझ्याकडे येतो. परवा सुरमई देताना काकाने विचारलं, "हा नवा किती वर्षं चालेल?"

"दहाएक."

त्याने बोटांवर स्वतःचं वय मोजलं. "मग याच्यानंतरचा तो बिनतारेचा तूच निवड. तू शिकलेली. बोटीवर चढवण्याआधी त्याचं नाव मात्र मला सांगून ठेव."

मी सुरमई खायला बसले, आणि काटे काढायच्या निमित्ताने बराच वेळ मान वर केली नाही.