बसऱ्याचं लायसन

खंडेनवमीला त्यांनी मोटारीला बैलं जुपली.

आणि त्या मोटारीचा डायवर, म्हंजे मी, देवळाम्होरच्या पटांगणात चिंचेखाली उभा. मालकानं हातानं दाखवलं व्हतं तितक्या लांब.

सकाळी मोटार तिथवर मीच आणलेली. धुऊन पुसून लख्ख केलेली. मग भटजी आले. झेंडूच्या माळा चढल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं. म्होरं पाटावर हत्यारं मांडली, पाना, पंप, मोटार चालू करायचं हँडल. आणि मधोमध ताटात माझं लायसन. बसऱ्याचं. त्येच्यावर माझा फोटो. भटजीनं त्या फोटोला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. मालकानं वाकून नमस्कार केला. माझ्या कागदाला नमस्कार, आणि मला म्हणं, सावली पडंल, तिकडं सर.

बसऱ्याचं लायसन माझ्याकडं कुठनं आलं, ते सांगतो.

मी निपाणीजवळच्या एका गावचा, महारवाड्यातला. बाप येसकर व्हता. मामलेदाराचा टांगा आला की बाप त्येच्या म्होरं पळायचा, अनवाणी, "बाजू, बाजू" करत, शिवेपासनं चावडीपतूर. एकदा पळता पळता तोंडावर पडला, ढोपरं फुटली, तर टांग्यातला माणूस हसला. ते हसणं माझ्या डोस्क्यात बसलं ते बसलंच. फुडं जर्मनच्या लढाईसाठी हमाल पायजेत म्हणून बेळगावात भरती निघाली. मी गेलो, ते थेट समिंदरापल्याड, अरबांच्या मुलखात, बसऱ्याला. तिथं मोटार शिकलो. लढाई संपली तरी ऱ्हायलो, बंदरावर एका गोऱ्या सायबाची मोटार चालवली. लायसन तिथंच मिळालं. नाव, बापाचं नाव, फोटो. जात लिवायला त्येच्यात जागाच न्हवती.

बसऱ्यात एकटा व्हतो, खोटं कशाला बोलू. चहाच्या दुकानात अरबाच्या मांडीला मांडी लावून बसायचो. कुणी उठ म्हणायचं न्हाय. पण बोलायचं काय आणि कुणाशी? "कवा आलास रं? जेवलास का?" एवढं कुणी इचारावं म्हणून जीव तुटायचा. त्यापायी मी परत आलो. आई-बाप तवर गेलते. थोरली आक्का तेवढी उरली व्हती, नवरा वारल्यावर आमच्याच खोपटात ऱ्हायला आल्याली.

बेळगावच्या पोलीस कचेरीत गोऱ्या सायबानं लायसन उलटून पालटून बघितलं. मला कँपात एक फेरी मारायला लावली आणि कागदाच्या पाठीवर शिक्का मारला. हिथं चालंल म्हणाला. निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं नवी मोटार घेतली व्हती. त्येला डायवर मिळंना. मी जाऊन हुबा ऱ्हायलो आणि जात आधीच सांगितली. त्यो मोटारीवरनं हात फिरवत म्हणाला, "मोटार इलायती, लायसन बसऱ्याचं. त्येला कुठला इटाळ?"

मला लई बरं वाटलं. येडा व्हतो. लायसन मालकानं आपल्या कपाटात ठेवलं, डायवर पळून जाऊ नये म्हणून. आमच्या भागात डायवराचं लायसन मालकाकडंच, अशी रीतच पडली व्हती. ते हातात नसलं तर दुसरीकडं कोण चाकाला हात लावू देतंय?

मोटारीत मालक मागं, मी म्होरं. निपाणीस्नं बेळगावपतूर कवा कवा एक सबुद न्हाय. संकेश्वरला मालक वळखीच्या घरात जेवाय जायचा, मी मोटारीत भाकरी सोडायचो. पाणी कुणी तरी वरनं ओतायचं. घरी गेलो तर आमचीच माणसं "सायेब आलं, सायेब आलं" म्हणून थट्टा करायची आणि घटकाभरानं उठून जायची. बसऱ्यात मी परका व्हतो. हिथं माझीच बोली बोलणाऱ्यांच्यात बसून त्येच्याहून परका झालो. रातीच्याला आक्का भाकरी वाढायची, तेवढंच माणूस.

तर ती खंडेनवमी. पूजा झाली. आता मोटार वाजतगाजत वखारीकडं न्यायची व्हती. मला वाटलं, आता हाक मारतील, चालवायला तर मीच हाय. वखारीच्या गाड्याची बैलं आली. शिंगं रंगवल्याली, अंगावर झुली. दोरखंड बांधून ती मोटारीला जुपली. मी जवळ जायला लागलो तर मालक वराडला, थांब तिथंच. मग हलक्या आवाजात, समजूत घातल्यागत म्हणाला,

"आज ती मोटार न्हाय, देव हाय. तू आज चाकावर बसायचं न्हाय. म्होरं पळ आणि वाट मोकळी कर. तुमचं कामच हाय ते."

वाजंत्री सुरू झाली. सगळी माझ्याकडं बघायला लागली, पळतोय का न्हाय. बापाची फुटल्याली ढोपरं आठवली. समिंदरापल्याड जाऊन, मोटार शिकून, गोऱ्याचा शिक्का घेऊन मी फिरून तिथंच आलतो, टांग्याच्या म्होरं.

मी पळालो न्हाय. चालत गेलो. मोटारीकडं न्हाय, पाटाकडं. माणसं अंगाला अंग लागू नये म्हणून आपोआप बाजूला झाली. ताटातनं माझं लायसन उचललं. अक्षता खाली सांडल्या. भटजी हात झटकत मागं सरला.

"ठेव ते. पूजा बाटवलीस," मालक म्हणाला.

"नाव माझं हाय, बापाचं नाव माझ्या बापाचं हाय, तोंड माझं हाय," मी म्हणालो. "मी न्हेतो."

भ्यालो व्हतो, लई भ्यालो व्हतो. पण हात मागं घेतला न्हाय. मला शिवायला नको म्हणून कुणी अडवलं न्हाय. त्येंचा इटाळ त्या दिवशी तेवढा माझ्या कामाला आला.

महारवाड्यात मी पोचायच्या आत बातमी पोचली व्हती. दारं लागलेली. आमच्यावर आणू नगंस, एवढं एक म्हातारं भिताडाआडनं बोललं. मी त्येंच्यावर रागावलो न्हाय. आजबी न्हाय. आक्कानं फडक्यात भाकरी बांधून दिली. उंबऱ्याच्या आत हुबी ऱ्हाऊनच म्हणाली, "तू तिकडंच बरा व्हतास रं." ज्या "रं"साठी मी एवढ्या लांबनं आलतो, त्यो असा मिळाला. बेळगावच्या वाटंला लागलो आणि शिव वलांडल्यावर रडलो.

आता शहापुरात मागावाल्यांच्या आळीला लागून एका शेडात ऱ्हातो. एकटाच. दिवसभर मागाचा खटखटाट, बोलायला कोण न्हाय. लायसन मी कचेरीत नवं करून घेतलं, पण जुनं टाकलं न्हाय. फोटोवरचं कुंकू कागदात मुरलंय, ते निघत न्हाय.

नव्या मालकाकडं गेलो की जात सांगतो आणि त्येच्या मागनंच माझी अट सांगतो. लई मालक तिथंच तोंड फिरवत्यात. फिरवू देत. एखादा दिवस उपाशी काढीन, पण अट सोडणार न्हाय. लायसन माझ्या खिशात ऱ्हाईल. आणि खंडेनवमीला मोटारीम्होरं नारळ मी फोडीन.

पटत नसंल तर बैलं जुपा.