एकोणसत्तर ग्रेनची चूक

निखिलचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरात टॅम्पिनीसच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीच्या रांगेत उभा होतो. "काका, बाबा गेले. झोपेतच." मागच्या माणसाने खांद्याला हळूच हात लावला, कारण रांग पुढे सरकली होती आणि मी तिथेच होतो. दिनकर खांबेटे, वय वर्षं बहात्तर, जहाजांवरचा निवृत्त चीफ इंजिनियर, माझा सव्वीस वर्षांचा मित्र. आदल्या संध्याकाळी पासिर रिसच्या समुद्रकाठी आम्ही नेहमीसारखं भांडलो होतो. विषय होता, बाकावर बसायचं की चालायचं. तो चालला, मी बसलो.

दोन आठवड्यांनी इथल्या मराठी मंडळींनी एका काँडोच्या फंक्शन रूममध्ये शोकसभा घेतली. फलकावर दिनकरचा वीस वर्षांपूर्वीचा फोटो होता आणि त्याखाली 'सागरपुत्र' असं लिहिलेलं होतं. सागरपुत्राचा जन्म नगरचा, आणि पोहायला तो अखेरपर्यंत घाबरत असे. त्याला आयुष्यात दोनदा भेटलेल्या एका वक्त्याने पंचवीस मिनिटं भाषण केलं. "अचूक नेमबाज, ज्याचा वार कधी वाया गेला नाही," असं ते म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या दिनकरच्या पत्नीने, सुलभावहिनींनी, वळून माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही हसू आवरणं कठीण गेलं. दिनकरने आयुष्यात एकही प्राणी मारला नव्हता, साधा ससाही नाही. त्याचा जीव होता तो गोळी झाडण्याच्या आधीच्या भागात. कोणत्या बंदुकीला किती वजनाची गोळी द्यायची, ती किती वेगाने निघेल, वाऱ्याने किती सरकेल, या हिशेबात. आणि हा छंद त्याने जोपासला तो सिंगापुरात, जिथे घरात रिकामं काडतूस सापडलं तरी माणसाला वकील शोधावा लागतो.

हे कसं जमलं ते सांगायला हवं. दिनकर तरुणपणी एका मालवाहू जहाजावर असताना कॉलिन नावाचा ऑस्ट्रेलियन रेडिओ ऑफिसर त्याच्याबरोबर होता. कॉलिनने पुढे समुद्र सोडला आणि वडिलांची मेंढ्यांची शेती हाती घेतली. सिडनीपासून मोटारीने पाच तास. दरवर्षी तिकडच्या हिवाळ्यात मेंढ्या व्यायल्या की कोल्हे येऊन नवजात कोकरं उचलतात. कॉलिनकडे वडिलांची जुनी, बारीक नळीची, अशाच कामाची रायफल होती, रीतसर परवान्याची. तिची काडतुसं तो घरीच भरत असे. झाडलेलं पितळी काडतूस साफ करायचं, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. दिनकर एकदा सहज त्याच्याकडे गेला, त्याने हा उद्योग पाहिला आणि त्याला वेड लागलं. इंजिनरूममध्ये तीस वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी झगडलेला माणूस, त्याला हे आवडणारच. मग दर वर्षी आठ दिवस तिकडे जायचं, कॉलिनच्या देखरेखीखाली शंभर यार्डांवरच्या कागदावर दहा-वीस गोळ्या झाडायच्या आणि उरलेलं वर्ष पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये आकडेमोड करायची. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये पोलादी दाराची, जाड भिंतींची एक छोटी खोली असते, बॉम्बपासून आसरा म्हणून. बाकीचे लोक तिथे तांदळाची पोती आणि जुन्या सुटकेस ठेवतात. दिनकरने तिथे टेबल टाकलं होतं. मी त्या खोलीला शस्त्रागार म्हणत असे. त्या शस्त्रागारात एक पट्टी, एक कॅल्क्युलेटर आणि पेन्सिली होत्या. तिकडून परत निघताना तो कॉलिनच्या व्हरांड्यात सगळे खिसे तीनदा उलटे करायचा, आणि इथे आल्यावर वहिनी चौथ्यांदा करायच्या.

गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज. कॉलिन वर्षानुवर्षं पन्नास ग्रेनची गोळी वापरत आला होता, कारण वडील तीच वापरत. दिनकरला हे कारण पटणं शक्यच नव्हतं. हलक्या गोळीला वेग मिळतो आणि ती जमिनीवर आदळली की फुटून जाते, उसळून शेजाऱ्याच्या घराकडे जात नाही, हे त्याला मान्य होतं. पण कॉलिनच्या कुरणावर आडवा वारा वाहतो आणि हलकी गोळी वाऱ्याने भरकटते, हा त्याचा मुद्दा. "रिकामं जहाज आणि भरलेलं जहाज, वारा कोणाला हलवतो?" तो मला विचारायचा. मी जन्मभर संगणकाच्या आज्ञावल्या लिहिलेला माणूस, मला दोन्ही जहाजं सारखीच. एका वर्षी सहा महिने गणित करून त्याने निकाल दिला, एकोणसत्तर ग्रेन. कॉलिनला तसं पत्रच धाडलं, खाली 'चीफ इंजिनियर' अशी सही करून. गंमत म्हणून केलेली सही होती, असं तो पुढे म्हणायचा. मला तसं वाटत नाही. चीफने सांगितलं म्हटल्यावर कॉलिनने जुन्या गोळ्या बाजूला ठेवल्या आणि त्या हंगामासाठी नव्या वजनाची काडतुसं भरली. पंचवीस पावलांवरच्या पत्र्याच्या पिंपावर तीन झाडून पाहिली. तिन्ही पिंपाला लागली. पिंप मोठं होतं.

त्या हंगामात कॉलिनचा एकही नेम लागला नाही. कोल्हे त्याच्यासमोरून कोकरं घेऊन गेले. हंगाम संपल्यावर त्याचा फोन आला. दिनकरने तो स्पीकरवर ठेवला होता, मी समोर होतो. कॉलिन म्हणाला, "चीफ, माझे डोळे गेले. समोर दिसतोय असं वाटतं, पण लागत काहीच नाही. डॉक्टरकडे जायचं धाडस होत नाही. रायफल विकतो म्हणतो. मुलगी सिडनीला ये म्हणतेय, मेंढ्याही देऊन टाकाव्यात." दिनकर म्हणाला, "घाई करू नकोस." फोन ठेवला आणि शस्त्रागारात गेला. चार दिवस तो समुद्रकाठी फिरायला आला नाही.

पाचव्या दिवशी आला तो थेट मुद्द्यावर. "ऑस्ट्रेलियाला येतोस का? हवापालट होईल."

"तुझी हवा मला माहीत आहे. काय झालंय?"

त्याने मला भोवऱ्यावरून समजावलं. बंदुकीच्या नळीच्या आत आटे असतात, ते गोळीला फिरवतात म्हणून ती सरळ जाते. जड गोळी लांब असते आणि लांब गोळीला जास्त गरगर फिरवावं लागतं. नव्या रायफलींचे आटे तसे असतात. जुन्यांचे नसतात, त्यांच्या नळीत गोळीचा एक फेरा पुरा व्हायला चौदा इंच लागतात. अशा नळीतून एकोणसत्तर ग्रेनची गोळी निघाली की ती मंदावलेल्या भोवऱ्यासारखी लटपटते आणि कुठेही जाते.

"मग कॉलिनची नळी कशी आहे?"

"विचारलं नव्हतं."

"सहा महिन्यांत?"

"वारा मोजत होतो ना..." तो म्हणाला.

मी म्हटलं, आत्ता फोन कर आणि सांग. तर म्हणे, फोनवर नळी मोजता येत नाही. हे अर्धंच खरं होतं. दिनकरला मी ओळखत होतो. जहाजावर त्याच्या हाताखालच्या माणसांमध्ये अशी कथा होती की इंजिनात बिघाड झाला तर तो इंजिनाचा असतो, तेलाचा असतो, नाहीतर कंपनीचा असतो. घरीही तेच. निखिल लहानपणी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायचा, "बाबा अँड सॉरी? नेव्हर लाह!" दिनकर खोटारडा नव्हता. त्याला ते शब्द यायचे नाहीत, एवढंच. कोणाला शिट्टी वाजवता येत नाही, तसं. पण या वेळी कंपनी नव्हती आणि तेलही नव्हतं. तिकडे एक माणूस आपण आंधळे होत चाललो असं समजून घरदार विकायला निघाला होता.

आम्ही गेलो. संध्याकाळी पोचल्यावर दिनकरने कॉलिनच्या पाणी उपसायच्या पंपाची चौकशी केली. मग ट्रॅक्टरची. मग मेंढ्यांच्या प्रकृतीची, ज्यात त्याला काडीचा रस नव्हता. शेवटी म्हणाला, रायफल जरा साफ करू या. कॉलिनने ती कपाटातून काढून, रिकामी असल्याची खात्री करून टेबलावर ठेवली. दिनकरने साफ करायच्या लांब सळईला घट्ट चिंधी लावली, सळईवर पेन्सिलीने खूण केली आणि ती हळूहळू नळीत ढकलली. आट्यांबरोबर सळई फिरू लागली. खूण पूर्ण वळून पुन्हा वर आली तेव्हा त्याने पट्टी लावली. मी वाकून पाहिलं. चौदा इंच. दिनकरने पट्टी पुसून खिशात घातली आणि कॉलिनला म्हणाला, "पंपाचा वॉशर बदलायला झालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे कुरणाच्या टोकाला गेलो. शंभर यार्डांवर कागद लावला. कॉलिनने एकोणसत्तर ग्रेनच्या पाच गोळ्या झाडल्या. कागदाजवळ जाऊन पाहिलं तर दोनच भोकं होती, आणि तीही गोल नव्हती. लांबट, कुलपाच्या भोकासारखी. गोळी आडवी होऊन कागदातून गेली होती. कॉलिनने ती भोकं नीट पाहिलीही नाहीत. "तीन तर कागदावरच नाहीत," तो म्हणाला. "बघ चीफ. सांगितलं होतं ना तुला." तो चष्मा काढून रुमालाने पुसायला लागला. बराच वेळ पुसत राहिला. एवढा धिप्पाड माणूस, पण त्या क्षणी वाऱ्यात उभा असलेला कोणीतरी म्हातारा दिसत होता.

दिनकर त्या कागदाकडे बघत होता. मग, तिथे मराठी समजणारा मी एकटाच असताना, तो मराठीत म्हणाला, "माझं चुकलं."

"काय म्हणतोय?" कॉलिनने मला विचारलं.

"सांग त्याला," दिनकर मला म्हणाला.

"मी का? तुझं इंग्रजी माझ्याहून चांगलं आहे."

"अरे, सांग ना..."

"नाही सांगणार."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की आमची मैत्री तिथेच संपते की काय असं मला वाटलं. मग तो कॉलिनकडे वळला. आधी फेऱ्यांचा आकडा सांगितला, मग गोळीची लांबी, मग त्या आडव्या भोकांवर बोट ठेवलं. आणि शेवटी, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "डोळे तुझे ठीक आहेत, कॉलिन. चूक माझी आहे. सगळी माझी. मी नळी विचारलीच नाही."

कॉलिन घरात गेला आणि बाजूला ठेवलेली पन्नास ग्रेनची जुनी काडतुसं घेऊन आला. पाच झाडली. ती पाचही भोकं बिअरच्या बाटलीच्या झाकणाखाली झाकली गेली. कॉलिनने झाकण लावून पाहिलं, काढलं, पुन्हा लावलं.

"म्हणजे डोळे शाबूत आहेत."

"आहेत."

"आणि तू गाढव आहेस."

"तेही सिद्ध झालं," दिनकर म्हणाला, आणि ते दोघे शाळकरी पोरांसारखे हसत सुटले. कॉलिनने रायफल विकली नाही, मेंढ्याही नाहीत. पुढच्या हंगामात त्याने फोटो पाठवले, पण कोल्ह्यांचे नाही, कोकरांचे. दिनकरने ते मला तीन वेळा दाखवले. त्या सकाळबद्दल मात्र पुन्हा अवाक्षर काढलं नाही, आणि मीही कधी टोचलं नाही. माझ्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल, ते मला ओळखणाऱ्यांना कळेल.

गेल्या रविवारी पासिर रिसला वहिनींकडे गेलो होतो. शोकसभेची छापील पुस्तिका टेबलावर पडली होती. वहिनींनी ती उघडली नव्हती. चहा देताना म्हणाल्या, "कॉलिनचा फोन आला होता हो. रडत होता. म्हणाला, चीफ एवढ्या लांब आला आणि माझ्यासमोर चूक कबूल केली. मला काही कळलंच नाही. कसली चूक? हे तर म्हणाले होते, पंप दुरुस्त करायला गेलो होतो."

मग मी सगळं सांगितलं. सळई, पट्टी, वॉशर, आडवी भोकं. वहिनी ऐकत होत्या. त्या शब्दांपाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"नक्की काय म्हणाले?"

"माझं चुकलं, असं म्हणाला."

"मराठीत?"

"हो, मराठीत."

"परत सांगा."

मी परत सांगितलं. वहिनींनी पदराने डोळे टिपले, पण त्या हसत होत्या. बाल्कनीच्या दाराशी दिनकरची वेताची खुर्ची आहे, बसून बसून तिची बैठक एका बाजूला खोलगट झाली आहे. निखिलने ती हलवायचं म्हटलं होतं, वहिनींनी हलवू दिली नाही. त्या खुर्चीकडे वळून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तितक्या मोठ्याने, त्या म्हणाल्या, "ऐकलं बरं का मी!"

मग त्यांनी माझा कप भरला.